कार्डावरचं अक्षर माझं होतं

प्रिय वैशाली,

काल दुपारी तुझ्या नवऱ्याने मला मारलं. ओट्यावर मोटारीचा पाइप पडला होता, त्याने. डावं मनगट टम्म सुजलंय, खालचा ओठ फाटलाय, पाठ मी अजून आरशात बघितली नाही. उजवा हात धड आहे, म्हणून लिहिते आहे. तू असतीस तर हळदीचा लेप लावता लावता म्हणाली असतीस, "बरं व्हयनं जिजी, तुले कोनीतरी भेटालेच पाह्यजे व्हतं."

योगेशभाऊंवर चिडू नकोस. मी त्यांना जे सांगितलं ते ऐकून दुसऱ्या कुणी मला उभं ठेवलं नसतं. तेच आता तुला सांगायचंय. खरं तर सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं, नाही का? तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस तेव्हा. मी तेव्हा तोंड शिवून बसले.

तर ऐक. तुझ्या तपासणीच्या कार्डावर 'सामान्य, दोष नाही' असं लिहिलेलं होतं ना, ज्याच्यावर तू विसंबून राहिलीस, ते कुठल्या डॉक्टरने लिहिलेलं नव्हतं. प्रयोगशाळेने नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तुझ्या नमुन्याची काचपट्टी कुणी तपासलीच नव्हती, आणि तसा संशय मला तुझ्या जिवंतपणीच आला होता.

उद्या चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. तिथे हे बोलले तर मी गावची आशा सेविका म्हणून राहत नाही, कदाचित तुरुंगातही जाते. त्याचं मला फार वाटत नाही. तुझी गुंजन माझ्याजवळ आहे, तिला अजून काही माहीत नाही, त्याचं वाटतं. काल ती शाळेतून परस्पर मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली, आज पाचला शाळेतून येईल. त्याच्या आत हे लिहून काढते, म्हणजे तिच्यासमोर जीभ अडखळणार नाही.

शुद्ध मराठीत लिहिते म्हणून हसू नकोस. अहवाल लिहून लिहून हाताला हीच सवय लागली आहे.

तू लग्न होऊन आलीस तो दिवस आठवतो का तुला? सासूबाईंनी उंबऱ्यावर काहीतरी खुसपट काढलं आणि तू डोक्यावरचा पदर सारखा करत सगळ्यांदेखत म्हणालीस, "मी सारंगखेडानी शे, घोडासमा वाढेल शे, माले ओरडं चालस नही." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी थोरली जाऊ, मला मात्र धडकी भरली. म्हटलं, ही आता घरात आग लावणार. आणि तू काय केलंस? महिन्याभरात सासूबाईंना खिशात घातलंस आणि मला जिजी म्हणायला लागलीस.

आपण भांडलो किती गं. नळाच्या पाण्यावरून, वाटणीच्या शेवग्यावरून, एकदा तर आमच्या ह्यांनी, तुझ्या जेठांनी, एसटीच्या ड्युटीवरून आणलेल्या पेढ्यांवरून. एकदा तू मला पळीने मारायला धावलीस आणि मी तुझे केस धरले. संध्याकाळी दोघी एका ताटात जेवलो. आपलं प्रेमही हातघाईचंच होतं.

मिरचीच्या मोसमात तू नंदुरबारला पथारीवर जायचीस. मैदानभर लाल मिरची वाळत पडलेली, तोंडाला फडकं बांधून दिवसभर देठ खुडायचे. घरी आलीस की दारातच ओरडायचीस, "माले शिवू नका." हात ताकात बुडवून बसायचीस. त्या हाताने डोळा चोळायचा नाही, लेकराला घ्यायचं नाही, लघवीला जातानाही जपून. पथारीवरच्या सगळ्या बायांना हे पाठ असतं. आणि अंगात कुठेही जळजळ झाली की सगळ्याजणी एकच बोलतात, मिरची लागली असेल. हेच तुझ्या मुळावर आलं, वैशाली. हे आणि मी.

शिबिर शाळेत भरलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. मंत्री आले, फीत कापली, माझ्यासारख्या आशांना शेजारी उभं करून फोटो काढले. भाषणात म्हणाले, "माझ्या एकाही भगिनीला या रोगाने मरू देणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सर्वांत मोठ्याने.

बायका यायला तयार नव्हत्या. पडद्याआड झोपायचं, परक्या बाईसमोर कपडे वर करायचे. मी घरोघर फिरून, हाता-पाया पडून एकेकीला आणलं. तू तर पथारीवरून सरळ आलीस. टेबलावर चढताना म्हणालीस, "मन्हा हातले मिरची शे, त्या डॉक्टरीनले सांग, माले हात लावशी तं नाचाले लागशी." ती डॉक्टरीणही हसली. तुझी काचपट्टी झाली, मी पेन्सिलीने तिच्यावर तुझं नाव लिहिलं आणि पेटीच्या खाचेत उभी केली. सगळ्यांची तशीच केली. पेटी मीच पोचवली आरोग्य केंद्रात.

महिन्याभराने सुपरवायझर कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. नावं छापलेली, निकालाची जागा कोरी. म्हणाला, "ताई, ज्यांचं काही निघालं त्यांना वरून फोन गेलेत. तुमच्या गावात कुणाचं नाही. सगळ्यांवर 'सामान्य' लिहा आणि उद्यापर्यंत वाटून टाका. मंत्रीसाहेबांना आकडा द्यायचाय." मी विचारलं, प्रयोगशाळेचा कागद? तो म्हणाला, "कागद वर असतो. तुमचं काम वाटायचं."

मी लिहिलं. ओट्यावर बसून, एका निळ्या पेनाने, एकामागून एक. तुझं कार्ड आलं तेव्हा तर मी नावाखाली छोटं फूल काढलं. तू ते बघून म्हणालीस, "सरकार आते फूलं बी काढाले लागनं का?" आणि कार्ड देवघरातल्या फोटोमागे खोचलंस.

इथवर मला माफी असेलही. मला खरंच वाटलं होतं की कागद वर आहे.

पण नंतरचं ऐक. पावसाळ्याच्या तोंडाशी मी आरोग्य केंद्रात मच्छरदाण्या आणायला गेले. भांडारघरात मागच्या रॅकवर, जुन्या पंख्याखाली, ती पेटी होती. झाकण उघडलं तर पेन्सिलीने लिहिलेली माझीच अक्षरं. तुझं नाव तिसऱ्या ओळीत. काचपट्ट्या जशाच्या तशा उभ्या, धूळ बसलेल्या. पेटी आरोग्य केंद्राबाहेर गेलीच नव्हती.

मी काय केलं असेल? बाहेर येऊन बोंब मारली असेल? गावात येऊन एकेकीला उठवलं असेल? मी सुपरवायझरला विचारलं, ते पण हळू आवाजात. तो म्हणाला, "तो दुसरा संच आहे, जास्तीचा." एका बाईची एकच काचपट्टी घेतली होती, वैशाली. दुसरा संच कुठून येणार? हे मला त्या मिनिटालाच कळलं होतं. पण कार्डांवर अक्षर माझं होतं. पेटी बाहेर आली असती तर पहिलं बोट माझ्याकडे वळलं असतं. मी मच्छरदाण्या उचलल्या आणि घरी आले.

मी मूग गिळून बसले. दहा वर्षं आशा म्हणून मिरवले, गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला धावले, आणि जिथे एक शब्द बोलायचा होता तिथे माझी दातखीळ बसली.

पुढच्या मिरचीत तू एकदा दुपारीच परत आलीस. ओट्यावर बसलीस, पाय पोटाशी घेऊन. म्हणालीस, "भलती आग व्हस वं जिजी. आनि थोडं रगत बी जास. मिरची लागनी व्हई का?" तू माझ्याकडे बघत होतीस. मी आशा होते ना, घरातली डॉक्टर. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पेटी आली.

तेव्हा मी म्हटलं, "कार्ड साफ शे तुन्हं. मिरचीच शे ती. ताक लाव."

ताक लाव म्हटलं मी तुला.

या एका वाक्यासाठी योगेशभाऊंनी मला आणखी चार दणके दिले असते तरी कमीच होते. तू चार महिने ताक लावत राहिलीस. वास यायला लागला तेव्हा लाजून माझ्यापासूनही लपवलंस. हे मात्र तुझं चुकलं. एवढी तोंडाळ बाई तू, सगळ्या गावाला ऐकवायचीस, आणि स्वतःच्या दुखण्याचं तेवढं झाकून ठेवलंस? मला शिव्या घालून दवाखान्यात ओढत नेलं असतंस तर? मी गेले असते गं. तू ओढलं असतंस तर मी गेलेच असते.

मग धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी विचारलं, याआधी तपासणी झाली होती का? तू पिशवीतून कार्ड काढून ऐटीत त्यांच्यापुढे ठेवलंस. त्यांनी कार्ड उलटसुलट केलं, एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "त्या वेळी हे नक्की दिसायला हवं होतं." तू माझा हात दाबून म्हणालीस, "मशीनना दोष व्हई." मला धीर देत होतीस तू. मला.

शेवटचा दिवस मला लिहायचा नव्हता, पण लिहिते. सकाळी न्हाणीत तू ओरडलीस. मी दार ढकललं तर फरशी लाल. तुझे पाय, साडी, बादली, सगळं. मी टॉवेल दाबले, चादर दाबली, सासूबाईंचं लुगडं दाबलं, रक्त थांबेना. योगेशभाऊंनी तुला उचलून जीपमध्ये घातलं. रनाळे मागे पडलं, दोंडाईचा आलं, माझी मांडी गरम होत गेली आणि तू थंड. तू माझा दंड इतका आवळलास की नखं रुतली. त्या खुणा अजून आहेत. शेवटी तुला बोलता येत नव्हतं, पण डोळे माझ्यावर होते. त्या डोळ्यांत एवढासाही संशय नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

धुळ्याच्या अलीकडेच तू गेलीस.

दहावा प्रकाशा गावी केला, तापीवर. तिथेच दुसऱ्या गावची काही माणसं भेटली, त्यांच्याही सुनेचा दहावा होता. तिलाही हाच रोग. तिच्याकडेही असंच कार्ड. मग वरच्या डोंगरातल्या पाड्यावरच्या एका बाईचं कळलं, ऊसतोडीवरून आजारी परत आलेल्या, तिच्या गाठोड्यातही कार्ड. नदीकाठी पिंडाजवळ उभ्या उभ्या पुरुषांचे आवाज चढले. योगेशभाऊंनी हातातला पितळी तांब्या दगडावर आपटला, तो चेपला. म्हणाले, "आते कोनाले तरी मारसूच."

आणि मारलंच. त्यानंतर आठव्या दिवशी सगळ्या गावच्या बाया-माणसं आरोग्य कार्यालयावर गेली. मी सगळ्यात पुढे होते. खोटं कशाला बोलू, मी पुढे गेले ते कुणी माझ्याकडे बघू नये म्हणून. सुपरवायझर पायरीवर आला आणि म्हणाला, "कार्ड सामान्य होतं ना? मग रोग नंतर झाला. देवाची इच्छा." तसा माझ्या अंगाचा भडका उडाला. पदराच्या गाठीत पथारीवरची तिखटाची पूड होती, ती मूठभर काढली आणि त्याच्या डोळ्यांत मारली.

तो डोळे दाबून गडाबडा लोळला. बायांनी चपला काढल्या. कुणी त्याच्या छातीत लाथ घातली, कुणी कॉलर धरून ओढला. योगेशभाऊंनी आरोग्य अधिकारी साहेबांच्या गाडीच्या काचा दगडाने फोडल्या, एकूण एक. मग पोलिसांच्या काठ्या सुरू झाल्या. माझ्या बाजूला एकीचं डोकं फुटलं, तिचं रक्त माझ्या चेहऱ्यावर उडालं. आणि या सगळ्यात मला काय वाटत होतं सांगू? मला बरं वाटत होतं. त्याच्या किंकाळ्या ऐकून मला बरं वाटत होतं.

गावात बायांनी मला ओवाळलं. वाघीण म्हणाल्या. तुझ्या फोटोसमोर बसवून माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

मग गुन्हा दाखल झाला. योगेशभाऊंचं नाव, पथारीवरच्या सात बायांची नावं. माझंच नाही. ज्याच्या डोळ्यांत मी तिखट टाकलं त्यानेच माझं नाव गाळलं होतं. बाकीचे म्हणाले, नशीब. मला कळलं की त्याने मला बांधून ठेवलंय.

पेपरात बातम्या आल्या, विधानसभेत गोंधळ झाला, मग सरकारने चौकशी समिती नेमली. एक निवृत्त न्यायाधीश, पांढऱ्या मिशांचे, फार सभ्य. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या हॉलमध्ये पहिली बैठक झाली. आम्ही सगळे गेलो, तुझा फोटो घेऊन. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. साहेब आले नाहीत. शिबिराचं कंत्राट घेतलेल्या संस्थेचं कुणी आलं नाही. मंत्र्यांनी पत्र पाठवलं होतं: माझं खातं आता बदललं आहे, मी फक्त उद्घाटन केलं. नव्या मंत्र्यांचंही पत्र होतं: त्या वेळी मी नव्हतो. रजिस्टर मागितलं तर उत्तर आलं, सापडत नाही. आणि पेटी? भांडारघर धुऊनपुसून रंगवलेलं होतं.

योगेशभाऊ उठून ओरडले, "उचलून आणा त्यास्ले!" न्यायाधीश म्हणाले, "भाऊ, ही समिती आहे, आयोग नाही. सरकारने मला समन्स काढायचा अधिकार दिलेला नाही. मी फक्त विनंती करू शकतो."

तेव्हा आपल्या सासूबाई उठल्या. काठी टेकत अगदी टेबलाजवळ गेल्या. म्हणाल्या, "साहेब, त्यास्ले बलावाना अधिकार तुमले नही. मंग आमले कसाले बलावं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तुझ्याशी पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर भांडलेली ही बाई, वैशाली. तू बघायला हवी होतीस.

न्यायाधीश शेवटी म्हणाले, "मी कुणाला ओढून आणू शकत नाही. पण ज्याला माहीत आहे त्याने स्वतःहून येऊन शपथेवर सांगितलं, तर ते मला अहवालात घ्यावंच लागेल." सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कुणाला माहीत असेल? मी खाली बघत होते.

मागच्या आठवड्यात सुपरवायझर आपल्या घरी आला. डोळे अजून लाल होते त्याचे. मी चहा दिला, काय करणार? त्याने कागद काढला. त्यावर लिहिलं होतं की नमुन्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल मला मिळाले आणि त्यावरून मी कार्डं भरली. "एवढी सही करा. योगेशवरची आणि बायांवरची केस मागे घेतो. नाही केली, तर कार्डं कोणाच्या अक्षरात आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे, ताई." मी त्याच्या तोंडावर कागद फेकला नाही. मी म्हटलं, विचार करते. आणि कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला.

सात दिवस मी पीठ काढताना तो बघत होते. सही केली तर योगेशभाऊ सुटतात, त्या सात बाया सुटतात, मीही सुटते, गुंजन माझ्याजवळ राहते. बिघडतं फक्त तुझं. आणि तू काही बोलायला येणार नव्हतीस. किती सोपं होतं बघ.

काल योगेशभाऊ कोर्टाच्या तारखेहून आले, दमलेले. मी त्यांना कागदाचं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "करी टाका ना सही वहिनी, सुटसूत सगळा." मग थांबले. "रिपोर्ट तं उनाच व्हतात ना?"

रिपोर्ट खरंच आले होते का, हा प्रश्न इतके दिवस मला कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी इतक्या भोळेपणाने विचारला की मला खोटं बोलताच आलं नाही. मी म्हटलं, नही. मग सगळंच सांगितलं. पेटी, पेन, ताक.

"तुले माहीत व्हतं?" म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "ती मरी ऱ्हायंती आनि तुले माहीत व्हतं?" आणि पाइप उचलला. मी हात वर केला तो फक्त तोंडावर बसू नये म्हणून. सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि मला त्यांचा राग आला नाही.

मग ते ओट्यावर बसून ढसाढसा रडले. उठून जाताना दारातून म्हणाले, "सही करशी तं दुसरा हात बी मोडसू." तुरुंगात जावं लागेल हे त्यांना माहीत आहे. तरी म्हणाले. असा नवरा होता तुझा, आणि तू त्याला बावळट म्हणायचीस.

थांब. गुंजन आली.

आता पुन्हा लिहिते आहे. सांगितलं तिला. तिच्या पाठीवर दप्तर होतं तसंच, दारातच. मी बसवून, पाणी देऊन सांगणार होते, पण तिने माझा ओठ बघितला आणि विचारलं, "पप्पास्नी मारं?" मग लपवण्यासारखं काय राहिलं?

तिने सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "मम्मीले माहीत व्हतं?" मी म्हटलं, नही, तिने कधी शंकासुद्धा घेतली नाही. तेव्हा तिने दप्तर काढून माझ्या अंगावर फेकलं. जोरात, कडी लागली कपाळाला. मग आत गेली, देवघरातून तुझं कार्ड काढलं, तुमच्या बाजूच्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. तू गेल्यापासून ती माझ्या कुशीत झोपते, मला आई म्हणते. मी तिला तसं सांगितलं नव्हतं, तिचं तीच म्हणायला लागली होती.

आत्ताच दार उघडून बाहेर आली. हातात कार्ड होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, उद्या मी बी येसू. माले ऐकनं शे."

काकू म्हणाली.

आता मी काय करणार ते ऐक, वैशाली. गावातली सगळी कार्डं मी आज सकाळी घरोघर जाऊन गोळा केली. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही, आणि माझ्या ओठाबद्दल कुणी विचारलं नाही. सगळी एका पेनाची, एका हाताची. उद्या ती न्यायाधीशांच्या टेबलावर ओतणार आणि शपथेवर सांगणार. तो सहीचा कागदही तिथेच ठेवणार. पण एवढ्यावर थांबणार नाही. समितीचा अहवाल कपाटात जाईल हे मला दहा वर्षांच्या नोंदवह्यांनी शिकवलंय.

योगेशभाऊंच्या वकिलांना मी फोन केला होता. विचारलं, माझ्यावरच खोटी कार्डं केल्याचा खटला चालला तर मंत्र्याला बोलावता येईल का? त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "आरोपीने मागणी केली आणि कोर्टाला पटलं तर समन्स काढता येतं. मंत्री असो की कुणी." म्हणजे समितीला जो अधिकार नाही तो कोर्टाला आहे, आणि त्याचं दार उघडायला एक आरोपी हवा. तो आपल्या घरात आहे.

म्हणून उद्या हॉलमधून निघून मी सरळ पोलीस ठाण्यात जाणार आहे. स्वतःविरुद्ध फिर्याद देणार आहे. तिखट मी टाकलं हेही लिहून देणार, त्या सात जणींचं ओझं थोडं हलकं होईल. नोकरी जाईल, बेड्या पडतील, तुझे जेठ चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. चालेल. मग सुपरवायझर येईल साक्षीला, साहेब येतील, संस्थेचे येतील, आणि फीत कापणाराही येईल. कोर्टात खुर्चीवर नाही, पिंजऱ्यात उभं राहून त्यांना सांगावं लागेल की पेटी प्रयोगशाळेपर्यंत का गेली नाही. कुणी टाळाटाळ केली तर मी तारखेमागून तारीख उभी राहीन. मरेपर्यंत.

तुझी माफी मी मागत नाही. गुंजनने मला पुन्हा आई म्हणावं असंही मागत नाही. फक्त एवढं कबूल करते की तुला कोणी मारलं ते तिला एक दिवस कोर्टाच्या कागदावर वाचायला मिळेल, नावानिशी. त्यात पहिलं नाव माझं असेल, आणि ते मीच सांगितलेलं असेल.

तुझी जिजी,
मंगला